रिजेक्ट पीस

आमच्या रबाळ्याच्या घरी देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी तांब्याचं एक जाड, काळपट नाणं आहे. आजीच्या माहेरचं. गेल्या दिवाळीत काका म्हणाला, "शिवराई आहे ही! विकली तर लाखात जाईल. याची फी तरी सुटेल." फीचा विषय निघाला की आमच्या घरात सगळेच गप्प होतात. आजीसुद्धा.

मित्रांनो, मी पडलो कॉन्व्हेंटवाला. मराठी माझी थर्ड लँग्वेज! मला त्यावरचं काही लागेना. आजी शाळेत गेलेली नाही, पण तिने बोट ठेवून वाचून दाखवलं. एका बाजूला तीन ओळी : श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला दोन : छत्र, पति. त्यातला 'श्री' अर्धा नाण्याबाहेर गेलाय. तो आजी मनानेच पुरा करते.

बाबा एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये आहेत. ते म्हणाले, "सेंटर आउट! आमच्या क्यूसीने हा पीस रिजेक्टच केला असता." खरंच आहे. खालचा साचा पक्का, त्यावर तांब्याची चकती, वर दुसरा साचा आणि हातोड्याचा घाव. त्यात साचा चकतीपेक्षा मोठा. मग अक्षरं कापली जाणारच.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या निमित्ताने सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली. तिकडे स्पेनच्या ताब्यातल्या अमेरिकेतही नवा राजा गादीवर आला की त्याच्या नावाची चांदीची पदकं पाडत आणि गर्दीत उधळत. १७८९ मध्ये चौथ्या कार्लोसची अशी कितीतरी निघाली. त्यावर राजाचा चेहरा असे, राजा मात्र समुद्रापलीकडे! आपल्या शिवराईवर चेहरा नाहीच. नुसतं नाव, तेही देवनागरीत. आसपासच्या सत्तांच्या नाण्यांवर फारसी चालायची, तेव्हाची ही गोष्ट.

राज्याभिषेकाला मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला होता. आमचं नाणं तुमच्या मुलखात चालू द्या, अशी त्यांची एक मागणी होती. उत्तर मिळालं ते साधारण असं : आम्ही कुठल्याच नाण्याला मनाई करत नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते घ्या, अशी सक्ती करणार नाही. मला हे फार आवडलं. होन मोठ्या व्यवहारातला. बाजारात भाजी घेणाऱ्या बाईच्या हातात यायची ती शिवराई. गडावर कधी न गेलेल्या माणसाला राजा झाल्याची बातमी तिनेच पोचवली.

शेवटी फोर्टमधल्या एका नाणेविक्रेत्याला दाखवली. तो म्हणाला, "ही महाराजांच्या वेळची नाही, पेशवाईतली आहे. अशा खूप मिळतात." भाव सांगितला त्यात माझं एका महिन्याचं मेसबिलही निघालं नसतं. काकाचा चेहरा पडला. मी मात्र विचारात पडलो. महाराज गेले १६८० मध्ये, आणि त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं टांकसाळी तेच नाव पाडत राहिल्या! दवंडी एकदाच पिटतात. ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालूच राहिली.

फी बाबा हप्त्याने भरताहेत. नाणं विकायचं नाही असं ठरलंय.

तुमच्याही गावी देव्हाऱ्यात अशी शिवराई असू शकते. सुट्टीत गेलात तर बघा. फक्त चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. आधी वाचा. नाही जमलं तर आजीला विचारा.