निवृत्तीनंतरची वसुली

सरकारी कार्यालयात लिपिक-टंकलेखक म्हणून मी १९९२ साली लागले आणि २०२१ साली वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी लातूर जिल्ह्यातच झाली. निवृत्तीच्या तोंडावर माझं सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलं आणि आक्षेप घेऊन परत आलं. २००४ साली, बारा वर्षांची सेवा झाल्यावर, मला पदोन्नती न मिळालेल्यांना वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मिळाला होता. त्या वेळच्या वेतननिश्चितीत एक वेतनवाढ दोनदा धरली गेली, असं पथकाचं म्हणणं होतं. ती एक वेतनवाढ पुढे सहाव्या आणि सातव्या वेतन आयोगातून वाढत गेली, तिच्यावर महागाई भत्ता चढला, घरभाडे भत्ता चढला. सतरा वर्षांचा हिशेब होऊन माझ्या नावावर ‘अतिप्रदान’ म्हणून जी रक्कम निघाली, ती दोन लाखांच्या जवळ होती.

ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपला पगार किती, हे कर्मचारी ठरवत नाही. आस्थापना शाखा वेतननिश्चितीचा तक्ता करते, कार्यालयप्रमुख त्यावर सही करतात, सेवापुस्तकात नोंद होते आणि त्या नोंदीवरून दर महिन्याचं बिल निघतं. ही नोंद पथकाकडून तपासून घेणं हेही कार्यालयाचंच काम. माझं टेबल आवक-जावकचं होतं. वेतननिश्चितीच्या कागदाला माझा हातही लागला नव्हता. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी, २००९ नंतर, पुस्तकं पडताळणीला जात होती तेव्हा माझं गेलं असतं, तर चूक पाच वर्षांची असतानाच सापडली असती. ते गेलं नाही. पेन्शनच्या कागदांची तयारी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सुरू करायची असते. माझं पुस्तक कपाटातून निघालं ते शेवटच्या काही महिन्यांत.

निवृत्तीचा निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळालं, आणि थोड्याच दिवसांत पत्र आलं. रक्कम चलनाने भरावी, अन्यथा उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वळती करण्यात येईल. पत्रासोबत एक कोरं संमतीपत्र होतं. ‘माझ्या उपदानातून सदर रक्कम वसूल करण्यास माझी हरकत नाही,’ एवढंच त्यात होतं, खाली सहीची जागा.

कार्यालयात गेले तेव्हा आस्थापनेचा मुलगा चांगुलपणानेच बोलला. “मॅडम, सगळ्यांचं असंच निघतं. सही करून टाका, तुमची केस या आठवड्यात महालेखापालांकडे पाठवतो. नाहीतर अडकून पडेल.” त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती. पण ज्या माणसाचा पगार थांबलाय आणि पेन्शन सुरू झालेली नाही, त्याला ‘अडकून पडेल’ हे दोन शब्द पुरतात. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. घराच्या कर्जाची उरलेली रक्कम उपदानातून फेडायची होती. मी संमतीपत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि “वाचून कळवते” म्हणून निघाले.

संघटनेचं काम केलेले एक ज्येष्ठ सहकारी होते, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं ते असं: “ताई, सही करू नका आणि भांडूही नका. प्रत्येक गोष्ट लेखी मागा.” त्यांच्या सांगण्यावरून मी अर्ज केला. पथकाच्या आक्षेपाची प्रत, महिनावार फरकाचा तक्ता आणि २००४ च्या वेतननिश्चितीची प्रत मागितली. उत्तर येईना, तेव्हा तीच कागदपत्रं माहितीच्या अधिकारात मागितली आणि ती मिळाली. तक्ता हाती आल्यावर कळलं की आकडासुद्धा बरोबर नव्हता. ज्या काळात मी असाधारण रजेवर होते आणि पगारच उचलला नव्हता, ते महिनेही वसुलीत धरले होते. कार्यालयाला दिलेल्या पहिल्या अर्जातच मी तात्पुरतं निवृत्तिवेतनही मागितलं होतं. मूळ केस लांबली तर ते देण्याची सोय नियमांत आहे, पण मागितल्याशिवाय ते सुरू होईल या भरवशावर कुणी राहू नये.

या सगळ्यात मला जे समजलं आणि जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, ते हे की पगाराची दुरुस्ती आणि मागच्या पैशांची वसुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यालय दोन्ही एकाच पत्रात लिहितं, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. माझं वेतन चुकीचं ठरलं असेल, तर ते दुरुस्त करण्याचा आणि दुरुस्त वेतनावर पेन्शन बसवण्याचा शासनाला अधिकार आहे. मी त्याला विरोध केला नाही. माझी पेन्शन कमी झाली आणि मी ती मान्य केली. माझी हरकत होती ती सतरा वर्षं प्रामाणिकपणे काम करून घेतलेला, घरात खर्च झालेला पगार परत मागण्याला.

ही हरकत केवळ माझ्या मनाची नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. खेहर आणि न्या. अरुण मिश्रा यांच्या पीठाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला आहे. निकालाच्या नावातच रफिक मसीह यांच्या पुढे कंसात त्यांचं काम लिहिलं आहे: भिंतींना चुना लावणारा. मालकाच्या चुकीने जादा पैसे गेले असतील, तर कोणत्या परिस्थितीत वसुली करता येणार नाही, हे न्यायालयाने त्यात सांगितलं. वर्ग तीन आणि वर्ग चारचे कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा वसुलीच्या आदेशानंतर वर्षभरात निवृत्त होणारे. आदेशाच्या आधी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल असे. वरच्या पदाचं काम करून घेऊन त्या पदाचा पगार दिला असेल असे. आणि जिथे वसुली अन्यायाची, कठोर किंवा मनमानी ठरेल अशी इतर प्रकरणं. मी वर्ग तीनमधली होते, निवृत्त झाले होते आणि चूक सतरा वर्षं जुनी होती.

मी निकालाचा उल्लेख करून सविस्तर निवेदन दिलं. तरी उपदानातून रक्कम कापली गेली. रजेच्या काळाचे पैसे तेवढे वगळले. मग अण्णांनी सुचवलेल्या वकिलांमार्फत मी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या औरंगाबाद खंडपीठात मूळ अर्ज दाखल केला. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला सेवेच्या प्रश्नासाठी पहिली जागा तीच. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मात्र उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. न्यायाधिकरणाची मुदत साधारणपणे आदेशापासून एक वर्ष असते. निवेदनं देत बसलं की ते वर्ष निघून जातं, हे वकिलांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं.

कार्यालयाच्या शपथपत्रात दोन मुद्दे होते. एक, निवृत्तिवेतन नियम १९८२ प्रमाणे जादा दिलेली रक्कम वसूल करता येते. दुसरा अधिक वजनाचा होता: सुधारित वेतनश्रेणी घेताना मी वचनपत्र दिलं होतं की जादा रक्कम गेल्यास परत करीन. त्यासाठी त्यांनी जगदेव सिंग प्रकरणातला २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला. तो निकाल खरा आहे. असं वचन दिलेल्याला ते पाळावं लागतं, असं त्यात म्हटलं आहे. पण जगदेव सिंग हे दिवाणी न्यायाधीश होते, वर्ग तीनचे कर्मचारी नव्हे, आणि त्यांचं वचनपत्र ज्या वेतननिश्चितीसाठी होतं तिच्यातूनच वसुली निघाली होती. माझी वचनपत्रं वेतन आयोगांच्या वेळची, आणि चूक त्याच्या आधीची, २००४ ची. माझ्या वकिलांनी हाच फरक मांडला.

प्रकरण चालू असतानाच मे २०२२ मध्ये थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ सरकार हा निकाल आला. केरळमधल्या एका शिक्षकाला सेवानियमाचा चुकीचा अर्थ लावून जादा वेतनवाढी दिल्या गेल्या होत्या. ते १९९९ साली निवृत्त झाले, आणि त्यांची वसुली चुकीची ठरली ती तेवीस वर्षांनी. जादा पैसे मिळणं हा कर्मचाऱ्याचा हक्क नसतो, पण त्याने लबाडी केली नसेल तर नंतरच्या वसुलीने होणारे हाल टाळण्यासाठी न्यायालय त्याला संरक्षण देतं, हे तत्त्व त्यात पुन्हा सांगितलं आहे. मला ते अगदी पटतं. ज्याने खोटा दाखला दिला, माहिती लपवली, चूक लक्षात येऊनही गप्प राहून पैसे घेतले, त्याच्याकडून वसुली व्हायलाच हवी. तो जनतेचा पैसा आहे. पण खालच्या पगारावरचा कर्मचारी मिळालेला पगार साठवत नाही. तो त्या त्या महिन्याचा किराणा असतो, मुलांची फी असते. वीस वर्षांनी तो परत मागणं म्हणजे कार्यालयाच्या निष्काळजीपणाची भरपाई सर्वांत दुबळ्या माणसाकडून, त्याची कमाई थांबल्यावर, करून घेणं.

२०२३ मध्ये न्यायाधिकरणाने वसुलीचा आदेश रद्द केला आणि कापलेली रक्कम ठरावीक मुदतीत परत द्यायला सांगितलं. पेन्शन दुरुस्त वेतनावरच राहिली. पैसे माझ्या खात्यात आले.

माझ्याबरोबरच निवृत्त झालेल्या एका शिपायांनी त्याच पथकाच्या आक्षेपावर पहिल्याच दिवशी सही केली होती. त्यांची रक्कम माझ्याहून कमी होती, त्यांना तिची गरज माझ्याहून जास्त होती, आणि ती त्यांना परत मिळालेली नाही. म्हणून जे अजून नोकरीत आहेत त्यांना माझं सांगणं आहे. आपलं सेवापुस्तक दरवर्षी पाहा आणि पडताळणीचा शिक्का आहे का ते तपासा. नसेल तर पुस्तक पथकाकडे पाठवण्यासाठी आजच अर्ज द्या. आणि जे निवृत्त होत आहेत त्यांनी वसुलीचं पत्र आलं तर तक्ता आणि आक्षेपाची प्रत हातात आल्याशिवाय कोणत्याही संमतीपत्रावर सही करू नये.