‘डायच आहे ना!’

‘‘हेअर डायच आहे ना? पोट धुतलंय. सकाळी घरी न्या.’’ तालुक्याच्या खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं हे बोलणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

घरात वाद झाला आणि धाकट्या बहिणीनं केसांचा डाय पोटात घेतला. वाद कशावरून, ते सांगत बसत नाही. घरोघरी असतात तसलाच.

थोड्या वेळात तिचे ओठ सुजले, मग जीभ. जीभ तोंडात मावेना, हनुवटी आणि मान एक झाली. मी केबिनचं दार वाजवत होतो आणि आतून एकच उत्तर : रिअ‍ॅक्शन आहे, इंजेक्शन दिलंय, उतरेल. श्वासाला घरघर लागली तेव्हा कुठं रेफरची चिठ्ठी मिळाली.

सरकारी मेडिकल कॉलेजात निवासी डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि तडक घशाच्या डॉक्टरांना बोलावलं. गळ्याला भोक पाडून नळी घातली, तेव्हा ती श्वास घेऊ लागली. डायमधलं पॅराफेनिलिनडायामिन हे रसायन आधी घसा सुजवतं, मग स्नायू नासवतं आणि त्यातून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडं बंद पाडतात. यावर उतारा नाही. सलाइन, सोडा-बायकार्ब, शेवटी डायलिसिस. लघवीची पिशवी कोऱ्या चहासारखी काळपट. पोटरीला हात लागला की ती कळवळायची. नळीमुळे आवाज फुटत नसे, नुसतं तोंड उघडायचं.

जबाब घ्यायला आलेल्या पोलिसांवर मी चिडलो होतो. पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला भरत नाहीत. केस होईल या भीतीनं कुणी पेशंट घरात ठेवू नये. चेहरा सुजायची वाटही पाहू नये. जिथं गळ्याची शस्त्रक्रिया आणि डायलिसिस होतं, तिथंच थेट न्यावं, बाटलीसकट.

त्या बाटलीवर लिहिलं होतं : आधी त्वचेवर चाचणी घ्या, पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. पोटात गेलं तर काय, याबद्दल अवाक्षर नाही. आणि ही बाटली किराणा दुकानात कुणालाही मिळते! बंदीच घाला, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आता तेही पटत नाही. घरात तिच्याशी कुणी धड बोललं असतं, तर बाटली फडताळातच राहिली असती.

बहिणीची मूत्रपिंडं सावरली. ‘‘सोड ना दादा,’’ म्हणते. त्या डॉक्टरांना हे विष कुणी शिकवलंच नसेल, असं मीही कधी मनाला समजावतो. पण सुजलेली जीभ दिसायला काय शिकावं लागतं?