चाल कोणाची?

चोरी म्हटली म्हणजे एकाची वस्तू जाते आणि ती दुसऱ्याच्या घरी पोहोचते. चोराने घड्याळ नेले तर मालकाचे मनगट रिकामे होते. गाण्याची नक्कल केली तर मात्र मूळ गाणे जेथल्या तेथे राहते. उलट एकाची दोन होतात. मग येथे कोणाचे काय गेले? हा प्रश्न तर्कशास्त्राच्या पुस्तकात शोभावा असा आहे. परंतु आमच्या कुकटपल्लीच्या घरी तो वर्षभर रोज जेवणाच्या पंगतीला येऊन बसत असे, आणि त्यापायी माझी ताई व माझा मावसभाऊ यांच्यात काही दिवस चक्क अबोला होता.

दादा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. संगणकावरील खेळांतून संगीत वेगळे काढावयाचे आणि ते आंतरजालावर सर्वांसाठी ठेवावयाचे, हा त्याचा छंद. वडीलधाऱ्या वाचकांसाठी सांगते, की खेळ चालू असताना पाठीमागे जे सूर वाजतात ते यंत्रातून आपोआप निघत नाहीत. नाटकाच्या पदाला जशी कोणीतरी चाल लावलेली असते, तशीच तीही कोणीतरी बसून बांधलेली असते. आणि अशा चाली बांधणाऱ्यांपैकी आमची ताई एक आहे!

एका लहानशा कंपनीच्या खेळात विहिरीचे एक दृश्य होते. त्यासाठी ताईने भूप रागात बासरीची एक चाल बांधली. तीन आठवडे रात्री तिच्या खोलीतला दिवा मालवत नसे. ठरलेले मानधन एकरकमी मिळाले आणि विषय संपला. पुढे काही महिन्यांनी माझ्या वर्गातील एका मैत्रिणीने मधल्या सुट्टीत मला विचारले, "अभ्यास करताना मी एक सुरेख धून लावते, ऐकशील?" ती ताईचीच होती. वर नाव होते 'शांत भारतीय संगीत'. रचनाकाराचे नाव मात्र कोठेही नव्हते.

दादाला हे सांगितले तेव्हा त्याला आनंदच झाला. "बघ ताई, खेळ विकत घेणारे मूठभर, तुझी चाल किती जणांनी ऐकली!" ताई शांतपणे म्हणाली, "चाल ऐकली रे, पण मला कोणी ऐकले?"

दादाचा पक्ष अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने आपल्या खेळांतील बहुतेक संगीत वर्षानुवर्षे आंतरजालावर रीतसर ऐकण्यासाठी उपलब्धच केले नव्हते. रसिकांनी ते जमवून यूट्यूबवर ठेवले. 2022 साली कंपनीच्या हरकतींमुळे असा एक मोठा संग्रह बंद पडला, आणि कंपनीने स्वतःची संगीतसेवा सुरू केली ती 2024 च्या ऑक्टोबरात! मधल्या काळात रसिकांनी काय करावे? शिवाय मारिओच्या खेळाची 1985 ची सुप्रसिद्ध धून रचणारे कोजी कोंडो हे त्या कंपनीचे पगारी संगीतकार. अशा वेळी हानी झालीच तर ती मालकाची. रचनाकाराच्या खिशापर्यंत ती क्वचितच पोहोचते. मालक आणि कर्ता ही दोन माणसे आहेत, हे आपण वादाच्या भरात विसरतो.

परंतु जेथे ती एकच असतात तेथे काय? 'माइनक्राफ्ट' या खेळाचे संगीतकार डॅनियल रोझेनफेल्ड यांनी आपल्या संगीताचे हक्क स्वतःजवळ ठेवले आणि 2011 साली त्याचा संग्रह स्वतःच विक्रीस आणला. तो फुकट वाटणे म्हणजे दुकान मांडून बसलेल्या माणसासमोर त्याचाच माल वाटणे होय. आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी' हा खेळ काढला. 2017 साली त्यांनी लोकांकडून निधी जमविण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तरीही 2020 मध्ये खेळ पुरा झाला. त्याला लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने संगीत दिले. एवढ्याशा चमूला प्रत्येक ग्राहक मोलाचा असतो. "कंपन्यांना काय कमी आहे?" हे दादाचे आवडते वाक्य येथे लागू पडत नाही.

आमच्या आजोबांपाशी नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या आहेत. त्या ऐकताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. 'मानापमान' नाटक 1911 साली रंगभूमीवर आले. बालगंधर्वांचे नाव आजही घरोघरी आहे. पण त्या पदांच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या, हे आमच्या वर्गात कितीजणांना ठाऊक असेल? टेंबे 1955 साली निवर्तले. आपल्या कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्यांच्या चाली आज कोणीही खुशाल वाटाव्यात. संग्राहकांनी जुन्या तबकड्या जपल्या नसत्या तर त्यांतले कितीतरी संगीत आज ऐकावयासही मिळाले नसते, हेही मान्य केले पाहिजे. हक्क संपला म्हणून नाव मात्र का संपावे?

भारताच्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात याबाबत एक सुंदर तरतूद आहे. कर्त्याने हक्क विकून टाकला तरी कृती आपली आहे असे सांगण्याचा त्याचा अधिकार त्याच्यापाशीच राहतो. पैसा गेला तरी पितृत्व जात नाही! आमच्या घरच्या वादात हे कलम मीच शोधून काढले, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे.

ते वाचून ताईने, धून वाटणाऱ्या त्या अनोळखी माणसाला पत्र पाठविले. त्याचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. भाषा अत्यंत नम्र होती. त्याने लिहिले होते, की नाव देण्याची त्याची फार इच्छा होती. परंतु खेळ संपल्यावर जी नामावली येते तीत संगीतकाराचे नावच नव्हते. आम्ही सर्वांनी तो खेळ पुन्हा शेवटपर्यंत खेळून पाहिला. खरोखरच नव्हते. चित्रकार होते, हिशेबनीस होते, कचेरीतील मांजराचे सुद्धा नाव होते! दादा खदखदून हसला. मग ताईचा चेहरा पाहून तो एकदम गप्प झाला.

त्या गृहस्थाने त्याच दिवशी धुनेखाली ताईचे नाव लिहिले. ती धून काढून टाकण्यास ताईने त्याला सांगितले नाही. पुढच्या कामाचा करार आला तेव्हा तिने मानधनाच्या आकड्याआधी नामावलीचे कलम लिहून घेतले. मानधन मात्र पूर्वीइतकेच राहिले.