खंजिरी ऐकलेली माणसे

वाचकहो, तुमच्या घरात पंच्याहत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर आज रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांना एवढेच विचारा, ‘तुम्ही तुकडोजी महाराजांची खंजिरी समोर बसून ऐकली होती का?’ आमच्या चिमूर भागात हा प्रश्न विचारला की म्हातारी माणसे आधी गप्प होतात, मग सरसावून बसतात.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. पण तरुणपणी ते आमच्याकडच्या जंगलात राहिले, गोंदोड्याला त्यांनी तप केले. म्हणून झाडीतली माणसे त्यांना आपल्याच घरचे समजत. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला, १९५५ साली ‘ग्रामगीता’ लिहून झाली, त्याच वर्षी ते जपानलाही जाऊन आले. हे सारे पुस्तकांत सापडते. पुस्तकात सापडत नाही ती खंजिरी.

मी ती एकदाच ऐकली. वय सात-आठ वर्षांचे. धानाची मळणी उरकली होती. बंडीत तणस अंथरून आम्ही चार कोस गेलो. गॅसबत्त्यांच्या उजेडात माणसे सरळ रांगा धरून बसली होती. महाराजांच्या डाव्या हातात खंजिरी, उजव्या हाताची बोटे तिच्यावर. एवढेसे ते वाद्य, परातीहूनही लहान. पण आवाज शेवटच्या रांगेतल्या बैलांपर्यंत पोचत होता. मला शब्द आठवत नाहीत. मध्येच खंजिरी थांबे, ते काही सांगत, आणि पुन्हा बोटे पडत, ते मात्र आठवते.

माझी मावशी त्याच रात्री बायकांच्या बाजूला होती. ती म्हणे, “अरे बाप्पा, एवढ्या लेकुरवाळ्या बाया, पण एक पोरगं रडलं नाही.” आता हे खरे की तिच्या मनाचे, कोण सांगणार? पण खंजिरी थांबली की जी शांतता पसरे, ती मलाही आठवते.

शेजारच्या आजोबांची आठवण त्याहून जुनी, १९४२ ची. महाराजांची भजने तेव्हा या भागात घुमत होती. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला लोक उठले, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर शहीद झाले. २८ ऑगस्टला महाराजांना चांद्याला अटक झाली आणि पुढे नागपूर, रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. आजोबा म्हणत, “आम्हाला भाषण समजत नव्हतं. खंजिरी समजत होती.”

आणि माझे वडील. ते मोहाची प्यायचे, हे गावाला ठाऊक होते, म्हणून लपवीत नाही. आईच्या अंगावरचे चांदीचे कडे त्यातच गेले. त्या रात्री परतताना बंडी हाकीत ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात बाजारातून एक साधी खंजिरी घेऊन आले. दारू सुटली. तीन वर्षांनी पुन्हा लागली, मग पुन्हा सुटली, ती कायमची. चमत्कार म्हणून सांगत नाही. पण हात दारूकडे वळू लागला की ते आड्याची खंजिरी काढीत, शेकोटीवर धरून तिचे कातडे तापवीत आणि वाजवीत बसत. त्यांना सूर नव्हता. आई तरीही जवळ येऊन बसे.

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. धान निसवले होते. बातमी कळली तेव्हा वडील बांधीच्या धुऱ्यावर होते. तिथेच खाली बसले.

वडील जाऊन आता तीस वर्षांहून अधिक झाली. त्या रात्री कोणते भजन ऐकून त्यांचे मन पालटले, हे मी त्यांना कधी विचारले नाही. विचारीन विचारीन म्हणता राहून गेले. मावशी गेली, आजोबा गेले. आता कोणाला विचारू?

वडिलांची खंजिरी अजून आड्याला आहे. कातडे फाटले, झांजा गंजल्या. पूर्वी खंजिरीला घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीवांच्या कायद्याने घोरपड मारणे आता गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. आमच्या भजन मंडळातली पोरे प्लॅस्टिकच्या पानाची खंजिरी वाजवतात. ती पावसाळ्यातही ढिली पडत नाही. चांगली वाजते.

वाद्य नवे घेता येते, वाचकहो. ऐकलेले कान नवे घेता येत नाहीत. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीला लाखो लोक ४ वाजून ५८ मिनिटांनी जागच्या जागी मौन उभे राहतात. त्या गर्दीत प्रत्यक्ष ऐकलेली माणसे दरसाल कमी होत आहेत. तुमच्या घरी एखादे असेल, तर शाळेत जाणाऱ्या पोराला वही घेऊन जवळ बसवा. कोणते गाव, कोणते पीक उभे होते, कोण सोबत होते, कोणते भजन म्हटले, सारे लिहून घ्या. घरचे दुःखही सांगितले तर तेही लिहा.

माझ्या वहीत ते एक पान कोरे राहिले आहे. तुमचे राहू देऊ नका.