टिकलीचं बाळंतपण

कोळी म्हटला की आपल्याला आधी जाळं आठवतं. मराठीत तर हा शब्दच दोघांत वाटून दिलेला आहे, एक समुद्रात जाळं टाकणारा आणि दुसरा आढ्याला जाळं लावणारा. शाळेत रॉबर्ट ब्रूसची गोष्ट ऐकली तीही जाळ्याचीच. पण आपल्या घरातल्या भिंतीवर दिवसाढवळ्या थोडं चालणारा, थांबणारा, मान वळवावी तसं अख्खं अंग वळवून आपल्याकडे बघणारा आणि बोट पुढे केलं की टुणकन उडी मारून दिसेनासा होणारा जो बारका कोळी असतो ना, तो जाळं विणून भक्ष्याची वाट बघत बसत नाही. तो मांजरासारखी शिकार करतो. दबा धरतो, पुढे सरकतो, अंतराचा अंदाज घेतो आणि झडप घालतो. कोळ्यांच्या सगळ्या कुळांत हे उड्या मारणाऱ्यांचं कूळ सर्वांत मोठं, सहा हजारांहून जास्त जाती. २०२१ साली ठाणे-कल्याण भागातल्या अशाच एका नव्या जातीला २६/११च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना वीरमरण आलेल्या तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, 'आयसियस तुकारामी'. झडप घालून धरणाऱ्या प्राण्याला हे नाव शोभतं, असं मला आपलं वाटतं.

तर मंडळी, असाच एक कोळी, म्हणजे कोळीण, आमच्या घरी काही महिने राहिली. तिची ही हकिकत.

२०२४च्या जूनमधली गोष्ट. वहिनीच्या आरशाच्या कडेला तिच्या वापरलेल्या टिकल्या चिकटवलेल्या असतात. त्यांतली एक टिकली चालायला लागली. पुतण्याने बघितलं तर उडी मारणारा कोळी, आरशातल्या आपल्याच रूपाशी पुढचे पाय उगारून भांडत होता. चण्याच्या डाळीएवढं अंग, करडा-तपकिरी रंग, पाठीवर मधोमध फिकट पट्टा. पुतण्याने पुस्तकं चाळून निकाल दिला की ही 'प्लेक्सिपस पायकुली' जातीची मादी. उष्ण प्रदेशांत जगभर माणसांच्या घरांतून राहणारी जात आहे ही, त्यामुळे तिला धरून आणलं असं म्हणायलाही जागा नाही. ती घरातलीच होती. नाव अर्थातच टिकली पडलं. लोणच्याची एक पारदर्शक बरणी वहिनीच्या परवानगीवाचून रिकामी झाली, झाकणाला तापवलेल्या दाभणाने भोकं पडली, आत एक वाळकी काटकी आणि कागदाची सुरळी गेली. संसार मांडून झाला.

जुलैत पुतण्या शिक्षणासाठी बेळगावला गेला आणि बरणी माझ्याकडे आली. जाताना त्याने मला ज्या सूचना दिल्या, तेवढ्या लोक लेक सासरी पाठवतानाही देत नसतील. दोन-तीन दिवसांतून एकदा जिवंत माशी किंवा झुरळाचं पिल्लू. मेलेलं नको, हालत नसेल तर ती ओळखत नाही. पाणी वाटीत नको, बुडेल, भिंतीला ब्रशने एक थेंब लावायचा. उन्हात नको. पावसाळा आहे तेव्हा आत बुरशी धरतेय का ते बघ. आणि काका, उगाच बरणी हलवू नकोस.

माश्या पकडणं हे निवृत्त माणसाला शोभणारं काम आहे असं वहिनीचं मत पडलं. मी पिकून काळी पडलेली केळी एका डब्यात ठेवून चिलटं पैदा केली, त्यांनी माझं काम बरंच हलकं केलं.

आमची आई त्या वेळी अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिची खाट सोप्यातून राजांगणाकडे उघडणाऱ्या दाराशी, उजेडाला. बरणीही मी तिथेच कोनाड्यात ठेवली. आईला अलीकडचं आठवत नाही. सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी पुसलेलं असतं. पुतण्या बेळगावला गेलाय हे ती दिवसातून तीनदा नव्याने ऐकते. पण टिकली तिच्या लक्षात राहिली. का, ते नाही सांगता येत. कदाचित टिकली तिच्याकडे बघत असे म्हणून असेल.

कारण टिकली खरंच बघायची. या कोळ्यांना आठ डोळे असतात. बाजूचे सहा हालचाल टिपायला आणि समोरचे दोन मोठे, मोटारीच्या दिव्यांसारखे, नीट बघायला. त्या दोन डोळ्यांच्या मागे आत लांब नळ्या असतात. भिंग जागचं हलत नाही, पण आतल्या नळीच्या टोकाचा पडदा इकडून तिकडे फिरतो. आई हात हलवी, टिकली वळे. आई हसे. उडी मारतानाही बघत राहावं असंच. टोळाला असतात तसे दणकट मागचे पाय हिला नाहीत. शरीरातल्या द्रवाचा दाब एकदम वाढवून ती मागचे पाय झटक्यात सरळ करते आणि उडते. उडण्याआधी मागे एक धागा चिकटवून ठेवते, म्हणजे नेम चुकला तरी खाली पडायचं नाही, लोंबकळायचं.

"जेवली रे ती?" हा आईचा रोजचा प्रश्न झाला. आणि प्रश्न विचारताना तिच्या स्वतःच्या पुढ्यातली पेज गार होत असे.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. मे महिन्यापासून आईचं खाणं कमी होत चाललं होतं. उकड्या तांदळाची पेज, तिजान, कधी मऊ भात आणि सोलकढी, सगळ्याचे चार चमचे, मग तोंड फिरवायची. डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं, म्हणाले वय आहे, थोडं थोडं द्या, जबरदस्ती करू नका. सांगायला सोपं. समोर आपली आई तोंड मिटून बसलेली असताना हातातला चमचा खाली ठेवणं किती कठीण असतं, ते ज्यांनी केलं आहे त्यांनाच कळेल. वहिनी लाडीगोडी करी, मी रागावे, तासाभराने पुन्हा तेच. घरातली निम्मी बोलणी आईने आज किती चमचे खाल्ले यावरच होत.

नागपंचमी झाली आणि दोन-तीन दिवसांनी टिकलीने कागदाच्या सुरळीच्या तोंडाशी पांढरा पडदा विणायला घेतला. एरवी रात्री झोपायला ती पातळ पिशवीसारखी खोली विणायचीच, पण हे काम वेगळं होतं. दिवसभर पोटाचं टोक इकडून तिकडे घासत थरावर थर चढवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी विजेरी लावून बघितलं तर आत मसुराच्या आकाराची चपटी, मोठी पुडी आणि तिच्यात राजगिऱ्याच्या दाण्यांएवढी फिकट पिवळी अंडी. वर टिकली, पाय पसरून, पुडीला कवटाळून बसलेली. पोट एकदम रिकामं, सुरकुतलेलं.

बेळगावहून फोनवर जल्लोष झाला. पाठोपाठ नव्या सूचना आल्या. खोली उघडायची नाही. बरणी जागची हलवायची नाही. पाण्याचा थेंब चालू ठेव. चिलट सोडून बघ, खाल्लं नाही तर काढून घे.

चिलट तिने खाल्लं नाही. चार दिवसांनी पुन्हा सोडलं, पडद्याच्या दाराशी अगदी, नाही खाल्लं. आठवडा गेला. अंडी राखत असताना या माद्या क्वचित बाहेर येतात, पाणी पितात, मिळालं तर थोडं खातात, पण बऱ्याचदा खातही नाहीत. मुंग्या, दुसरे कोळी, अंड्यांवर टपणाऱ्या गांधीलमाश्यांच्या जातीतल्या बारक्या माश्या, शत्रू पुष्कळ. उठून शिकारीला गेलं तर मागे कोण? बरणीत यांपैकी कोणीच नव्हतं, पण हे तिला कोण सांगणार!

"जेवली रे ती?" आईने विचारलं.

नाही म्हटलं, अंडी घातलीत, खात नाही.

"तेन्ना भूक लागना," आई म्हणाली. मग जरा वेळाने, "तिका वारें लागतलें, आड कापड घाल."

मी बरणीभोवती जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळला, भोकं मोकळी ठेवून. कोळिणीला वारं बाधतं की नाही ते ठाऊक नाही, पण अंधार तिला बरा असणार आणि आईलाही त्याने बरं वाटलं. संध्याकाळी पावसाची सर कौलांवर वाजत होती. आई उशीला टेकून बसली होती. ती आपणहून बोलायला लागली.

आईची पाच बाळंतपणं. सगळी याच घरात, मधल्या काळोख्या खोलीत. आम्ही भावंडं चार. पाचवा, माझ्या आधीचा, लहानपणीच गेला एवढंच आम्हांला ठाऊक होतं. घरात त्याचं नाव निघत नसे, कारण नाव ठेवायच्या आधीच तो गेला होता. आठव्या दिवशी, आई म्हणाली. दूध ओढायचाच नाही. सुईण कापसाच्या बोळ्याने दूध घाली, ते ओठांवरून ओघळून जाई. बाळ नेल्यावर सासूने ताट वाढून खोलीत आणून ठेवलं. ते तसंच राहिलं. दुसरं आणलं, तेही राहिलं. सगळे येऊन सांगून गेले की खा, दूध आटेल. "कोणाक दूध?" आई म्हणाली. असे किती दिवस गेले ते तिला सांगता आलं नाही. मग एके दिवशी सासू काहीच न बोलता नुसती येऊन शेजारी बसली, वाती वळत. ताट आणलं नाही. त्या दिवशी आईने स्वतः उठून स्वयंपाकघरात जाऊन पेज घेतली.

साठ-पासष्ट वर्षांत हे तिने आमच्यापैकी कोणालाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. "जेवली रे ती?" एवढंच विचारलं. त्या दिवसापासून मी चमचा घेऊन बसणं सोडलं. पेजेची वाटी तिच्या हाताशी ठेवायची आणि शेजारी बसून वर्तमानपत्र वाचायचं. खाणं वाढलं का? नाही वाढलं. पण गार पेजेवरून होणारी कटकट घरातून गेली.

दुधावरून आठवलं. मुंगीसारखा दिसणारा एक उडी मारणारा कोळी आहे, 'टॉक्सियस मॅग्नस'. त्याची आई पिल्लांना चक्क दूध पाजते, असं चिनी संशोधकांनी २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. सुरुवातीला खोलीच्या भिंतीवर थेंब ठेवते, पुढे पिल्लं तिच्या पोटाच्या खालच्या घडीतून पितात. त्यात गाईच्या दुधाच्या जवळजवळ चौपट प्रथिनं. पिल्लं शिकार करायला लागली तरी महिनाभराहून जास्त काळ हे पिणं चालतं. टिकली त्या जातीची नव्हे. तिच्यापाशी द्यायला फक्त राखण होती.

गोकुळाष्टमीच्या सुमारास पुडीतला पिवळा रंग जाऊन आत पारदर्शक पाय दिसू लागले. पिल्लं लगेच बाहेर येत नाहीत, आतच राहून कात टाकतात, मग निघतात. आणि नेमकी ७ सप्टेंबरची चवथ तोंडावर आलेली. गोव्यातल्या घरात चवथीआधीची साफसफाई म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. वहिनी डोक्याला फडकं बांधून काठीला झाडू लावून उभी. माळ्यावरून माटोळीची चौकट उतरवली, कोळिष्टकं काढली, भिंती पुसल्या. कोनाड्यापाशी आली आणि थांबली. "ही बाळंतीण कधी उठणार?" तिने विचारलं. मी म्हटलं, चार-सहा दिवस. तिने कोनाडा सोडून बाकीची भिंत रंगवून घेतली. सबंध चवथभर ती भिंत तशी दोन रंगांची होती आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कारण सांगावं लागलं.

पिल्लं निघाली हरतालिकेच्या आदल्या दिवशी. मोहरी फुटून तिला पाय यावेत तशी. मी एकतीसपर्यंत मोजली, मग ती उड्या मारायला लागली आणि हिशेब संपला. एकत्र ठेवली तर भुकेली झाल्यावर एकमेकांना खातात, म्हणून परसातल्या जास्वंदीवर बरणी आडवी धरून झाकण काढलं. काही पानावर चालत गेली, काही धागा सोडून वाऱ्यावर गेली. जर्मनीतल्या संशोधकांनी २०२२ साली अशाच इवल्या पिल्लांचं रात्रभर चित्रण केलं होतं. त्यांचं अंग पारदर्शक असतं, झोपेत डोळ्यांच्या नळ्या आतल्या आत हलताना दिसतात, आपले डोळे स्वप्नात हलतात तसेच. त्यांना स्वप्नं पडतात की काय, हे मात्र कोणी ठामपणे सांगितलेलं नाही.

टिकली रिकाम्या खोलीत आणखी एक दिवस बसली. मग बाहेर आली, पाण्याचा थेंब प्यायली आणि मी सोडलेली माशी एका झेपेत धरली.

"पिलां खंय गेलीं?" आईने विचारलं.

"परसांत."

"बरें जालें," ती म्हणाली आणि वाटी पुढे ओढली. चार चमचे. नेहमीचेच.

ऑक्टोबरात टिकलीने पुन्हा अंडी घातली. एकदा नराशी गाठ पडली की या माद्या ते बीज साठवून ठेवतात आणि पुढच्या अंड्यांनाही पुरवतात. या खेपेला पिल्लं कमी निघाली. दिवाळीला पुतण्या आला, त्याने ती आपल्या हाताने जास्वंदीवर सोडली. डिसेंबरच्या थंडीत टिकली सुरळीच्या तोंडाशी पाय आखडून मेलेली दिसली. या कोळ्यांचं आयुष्य साधारण वर्षाचं, त्या मानाने ती पुरती जगली. आईने तोवर तिच्याबद्दल विचारणं सोडलं होतं, मीही काही सांगितलं नाही.

वहिनीने बरणी साबणाने धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली आणि तिच्यात तिरफळं भरली. झाकणाची भोकं त्यांना बरी पडतात म्हणते.