आठवडा गिऱ्हाइकाचा

छोट्या धंद्यांना सोशल मीडियाचं आठवड्याचं वेळापत्रक बसवून देणं हे माझं काम. ते मी बिद्रीत बसून करते. माझ्याकडे येणारे लोक कागल, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांतले : गुऱ्हाळवाले, घरगुती चटणी विकणाऱ्या बायका, साड्यांची दुकानं, चपलांचे कारागीर. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो, "मॅडम, पोस्ट किती वाजता टाकायची?" संध्याकाळी सहा ते आठ ही सोन्यासारखी वेळ, असं त्यांनी कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलेलं असतं. आमच्याकडे त्या वेळी घरोघरी धारा काढणं चालू असतं. एका हातात किटली असते आणि दूध संस्थेत माप घालायची घाई. तेव्हा मोबाइल कोण बघणार? जेवणं उरकली की नऊच्या सुमाराला घर निवांत होतं. बायकांना त्याआधी दुपारी दोन ते चार थोडी उसंत मिळते. गावातल्या गिऱ्हाइकासाठी मी याच दोन वेळा धरते.

घड्याळापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वार. सोमवार शंकराचा, मंगळवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मग मटणाला उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार. कांदा-लसूण चटणी विकणाऱ्या एका ताईंचं वेळापत्रक मी यावरच बांधलं. त्या रोज सकाळी चटणीच्या बरणीचा तोच फोटो टाकायच्या. आता त्यांच्या लाँगबुकच्या पानावर मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या तीनच रात्री आहेत. मंगळवारी रात्री तांबड्या रश्शाचा छोटा व्हिडिओ : तेल तापलंय, चटणी पडते, कट वर येतो. उद्याच्या जेवणाचा विचार घरात चाललेला असतो, तेव्हाच तो डोळ्यांपुढे येतो. गुरुवारी मालाबद्दल काही तरी. गडहिंग्लजच्या बाजारातून आणलेली संकेश्वरी जवारी मिरची आणि ब्याडगी शेजारी शेजारी ठेवून तिखट कशाचं, रंग कशाचा, हे त्या स्वतः बोलून सांगतात. शनिवारी भाव, वजन, कुठपर्यंत पोचवतो आणि फोन नंबर. पानाच्या उजव्या बाजूला समास सोडलाय, तिथे त्या पेन्सिलीनं लिहितात : किती जणांनी विचारलं, किती जणांनी घेतलं.

श्रावण लागला की हे पान बंद. तेव्हा रश्शाचा व्हिडिओ दाखवणं म्हणजे गिऱ्हाइकाला नाराज करणं. त्या महिन्यात भाकरीबरोबरची चटणी, मेतकूट, उपवास सुटल्यावरचं जेवण. आणि मार्च ते मे ही वर्षाची चटणी करायची वेळ, तेव्हा सगळा आठवडाच ऑर्डरींचा. एकच तक्ता बारा महिने चालवायला देणारा माणूस मला आवडत नाही, मग त्यानं कितीही रंगीत तक्ता छापून दिलेला असो.

पैसा हातात कधी येतो, तेही पाहायला लागतं. गोकुळ दूध संघाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. दुधाच्या पैशावर घरातल्या बाईचा हात असतो. भांडी, साधी साडी, पोरांचे कपडे यांची पोस्ट मी त्या दोन-तीन दिवसांत ठेवते. उसाचं बिल म्हणजे मोठा व्यवहार. ऊस कारखान्याला गेल्यापासून 14 दिवसांत रक्कम द्यावी, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. इथला दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना सुरू झाला की बिद्रीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि त्यामागून लग्नाच्या बस्त्याची, फर्निचरची, गाडीची बोलणी सुरू होतात. अशा दुकानदारांनी पैसे जमा व्हायच्या आधीच्या आठवड्यात माल दाखवावा; कारण मोठी खरेदी घरात ठरायला चार रात्री जातात. मुदाळतिट्ट्याच्या वाटेवर हॉटेल असेल तर अमावास्या चुकवून चालत नाही. त्या दिवशी आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला लोक लोटतात, आणि "पार्किंग आहे, जेवण तयार आहे" एवढा मजकूर आदल्या संध्याकाळी पुरतो.

"एवढे व्हिडिओ आणायचे कुठून?" ही दुसरी तक्रार. खरं तर माल समोरच असतो. गुऱ्हाळावर एक सकाळ जाऊन बसा. रस काहिलीत पडतो, रानभेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर येते, ती काढतात. गुळव्या उकळता पाक थोडा गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळून बघतो आणि एका खुणेनं काहील उतरवायला सांगतो. पाक वाफ्यात पडतो, त्यावर फावडं फिरतं. यातला प्रत्येक टप्पा वीस-तीस सेकंदांचा स्वतंत्र व्हिडिओ आहे. एका सकाळच्या चित्रीकरणात महिन्याची बेगमी होते. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण पिवळाधमक गूळ म्हणजे चांगला गूळ, हा समज अजून गेलेला नाही. रसायन न घालता केलेला गूळ काळपट का दिसतो, हे गुळव्याच्या तोंडून ऐकवलं की पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक थांबून बघतं. त्यांच्यासाठी मी शनिवारची रात्र किंवा रविवारची सकाळ धरते.

चित्रीकरण झालं की सोमवारी दुपारी बसून मजकूर लिहायचा आणि फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट मेटा बिझनेस सूटमध्ये वेळ लावून ठेवायच्या. ते फुकट आहे आणि फोनवरही चालतं. व्हॉट्सॲपचं स्टेटस मात्र मी हातानंच टाकायला सांगते. ते 24 तासांत जातं, म्हणून तिथे आजचंच असावं : आत्ता निघालेली काहील, आज शिल्लक असलेले नग. आणि तुमचा नंबर गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये नसेल तर त्याला स्टेटसही दिसत नाही. म्हणून पुडीवर, पिशवीवर, बिलावर "नंबर सेव्ह करा" हे छापणं मी वेळापत्रकाइतकंच महत्त्वाचं मानते.

एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. भाव लिहायचा. "दरासाठी मेसेज करा" हे वाक्य मी खोडून टाकते. बाजारात वाट्यापुढे उभं राहिल्यावर भाव सांगायला कुणी आडोशाला नेत नाही. भाव लपवला की माणूस महाग समजतो आणि पुढे सरकतो. तसंच रोजच्या शुभेच्छा. जयंत्या, वाढदिवस, सुप्रभात यांनी पान भरून जातं आणि धंद्याची पोस्ट त्यात बुडते. वर्षातले चार-पाच मोठे सण ठेवावेत. तेही आपल्या मालाच्या फोटोसह.

नेमानं पोस्ट टाकण्याचा उपयोग कधी कधी अचानक होतो. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, श्रेय न देता. इकडे गदारोळ झाला, आणि कंपनीला भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य करावं लागलं. 2019 पासून भौगोलिक मानांकन असलेली ही चप्पल त्या दिवसांत जो तो फोनवर शोधत होता. आमच्या कागल तालुक्यातल्या कापशीचं नावच एका चपलेला आहे. अशी लाट सांगून येत नाही. तिचा उपयोग त्यालाच होतो, ज्याच्या पानावर कातडं कापण्यापासून वेणी घालण्यापर्यंतचे व्हिडिओ आधीपासून आठवड्याला दोन या बेतानं पडलेले असतात, आणि मापं, भाव, पत्ता शोधावा लागत नाही. मला या कारागिरांची फार काळजी वाटते. त्यांचं काम जगात उत्तम आहे आणि त्यांच्या पानावर शेवटची पोस्ट गेल्या गणपतीतली असते.

रविवारी रात्री मी सगळ्यांना आपापल्या लाँगबुकातला समास वाचायला लावते. लाइक किती आले ते मी विचारत नाही. कुठल्या पोस्टनंतर फोन आला, कुठल्या गावातून आला, उत्तर किती वेळात दिलं, एवढंच. तासाभरात उत्तर देणं जमत नसेल तर आठवड्याच्या तीन पोस्टच्या दोन कराव्यात आणि तो वेळ फोनला द्यावा. सुगीत, लग्नसराईत, घरात कुणी आजारी असेल तेव्हा दोनाचीही एक करावी. "अमुक तारखेपर्यंत ऑर्डर घेत नाही" अशी स्पष्ट ओळ वर लावून ठेवावी, आणि त्या तारखेला न चुकता परत यावं.