गांधीनगरातली बातमीदार

बेंगळुरूचं गांधीनगर म्हणजे कन्नड सिनेमाची पेठ. मॅजेस्टिकच्या बसस्थानकावरून चालत गेलं की निर्मात्यांची आणि वितरकांची ऑफिसं लागतात. पलीकडे केम्पेगौडा रस्त्यावर थिएटरं आहेत, आणि शुक्रवारी सकाळच्या खेळाला तिथेच निकाल लागतो. हे सगळं मी आधी बातमीदार म्हणून पाहिलं. बेळगावात वाढले, मराठी शाळेत शिकले, कन्नड मात्र गल्लीत आणि शेजारणींकडून शिकले. इंग्रजी दैनिकात नोकरी लागल्यावर सिनेमाचं बीट माझ्याकडे आलं, कारण आमच्या डेस्कवर ते दुसऱ्या कुणाला नको होतं.

वर्तमानपत्रातून सिनेमात जाण्याची वाट जुनी आहे. ख्वाजा अहमद अब्बास 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये असतानाच बॉम्बे टॉकीजसाठी लिहू लागले. 1941 साली त्यांच्या कथेवर 'नया संसार' आला, तोही पत्रकारांवरच, आणि पुढे ते स्वतः निर्माते झाले. गंमत म्हणजे त्यांनी 'लास्ट पेज' हा स्तंभ 1987 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत सोडला नाही. आपले आचार्य अत्रे 'नवयुग' चालवत असतानाच 'श्यामची आई' काढून राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक घेऊन आले. बेंगळुरूतलं सर्वांत मोठं उदाहरण मात्र उलट्या दिशेचं आहे. पी. लंकेश इंग्रजीचे प्राध्यापक. 1970 च्या 'संस्कार'मध्ये त्यांनी नारणप्पाची भूमिका केली, 1976 च्या 'पल्लवी'साठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला, आणि 1980 मध्ये 'लंकेश पत्रिके' हे जाहिराती न घेणारं साप्ताहिक सुरू केलं. सिनेमा करून झाल्यावर ते पेपरकडे आले. मला विचाराल तर त्यांचा क्रम जास्त शहाणपणाचा होता. पेपरमध्ये निदान महिन्याचा हिशेब लागतो.

मला सिनेमात ओढलं ते देवनहळ्ळीने. 2008 मध्ये नवा विमानतळ सुरू झाला आणि त्या भागातल्या जमिनींच्या बातम्या मी करत राहिले. जमीन विकून आलेल्या पैशांत गाडी घेतलेले आणि तीच गाडी टॅक्सी म्हणून विमानतळावर चालवणारे शेतकरी मला तिथे भेटले. त्यांच्यातल्या एकावर मी बातमी लिहिली. जमीन गेली, वाईट वाटतं, असं तो म्हणाल्याचं अवतरणचिन्हांत छापून आलं. एका तरुण दिग्दर्शकाने ती वाचली आणि यावर पटकथा लिहा म्हणाला. मी लिहून दिलेले पहिले प्रसंग त्याने शांतपणे वाचले. "मॅडम, यातली सगळी माणसं तुम्हाला मुलाखत देतायत," तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. बातमीत माणूस जे बोलतो तोच पुरावा. पडद्यावर मात्र माणूस जे बोलतो त्याच्या आड काहीतरी लपलेलं असावं लागतं. शेवटी तो प्रसंग असा उभा राहिला: ड्रायव्हर हायवे सोडून आतल्या कच्च्या रस्त्याला लागतो, पैसे वाढवायला लांबून नेतोय असं वाटून गिऱ्हाईक भांडायला लागतं, आणि ड्रायव्हर एक शब्द न बोलता एका विहिरीशेजारून गाडी पुढे काढतो. विहीर त्याची होती हे कुणी सांगत नाही. एवढं एक पान जमायला मला बातमीदारीतली बरीच वर्षं विसरावी लागली.

पुढचा धडा पैशांचा. लेखकाला आधी टोकन मिळतं, मग शूटिंग सुरू होताना काही रक्कम. उरलेली डबिंगनंतर मिळायची असते, आणि ती बहुतेकदा डबिंगनंतरच राहते. माझी एक कथा एका निर्मात्याने घेतली, सिनेमा केला नाही, आणि कथा परतही दिली नाही. फोन केला की "पुढच्या महिन्यात मुहूर्त" हे एकच उत्तर यायचं. आपण लिहिलेलं आपल्या हातात राहावं एवढ्यासाठी मी निर्माती व्हायचं ठरवलं. धीर दिला तो पवनकुमारच्या 'लुसिया'ने. 2013 मध्ये त्याने तो सिनेमा प्रेक्षकांकडूनच पैसे गोळा करून काढला होता. मी पेपरातले जुने सहकारी, पुण्याचा मामेभाऊ, एक निवृत्त प्राध्यापक अशांकडून रक्कम जमवली, बाकीचं कर्ज घेतलं. अप्पा म्हणाले, "पेपरात नाव येत होतं ते बरं होतं की गं. आता पोस्टरवर येणार, आणि बँकेच्या नोटिशीवर."

पटकथेत अडचण ठरलेली बातमीदारी निर्मितीत उपयोगी पडली. निर्माता म्हणजे बहुतांशी परवानग्या आणि बिलं. फिल्म चेंबरमध्ये सिनेमाच्या नावाची नोंदणी, पोलीस, पालिका, प्रसंगात बैल दिसतो म्हणून प्राणी कल्याण मंडळाचं पत्र, शेवटी कोरमंगलाचं सेन्सॉरचं ऑफिस. कुठल्या टेबलावर फाईल अडली ते शोधणं हे तर माझं रोजचंच काम होतं. जनरेटरचं डिझेल आणि तो चाललेले तास यांचा मेळ बसत नसेल तर मला लगेच दिसायचं. जेवणाची ताटं आणि युनिटच्या रोजच्या भत्त्यावरच्या सह्या मी मोजून घ्यायची. त्यामुळे युनिटमध्ये मी फारशी लोकप्रिय नव्हते.

प्रदर्शनाच्या वेळी बेळगाव पुन्हा भेटलं. वितरणाच्या धंद्यात कर्नाटकाचे इलाखे पडलेले आहेत, आणि आमचा इलाखा अजून 'बॉम्बे कर्नाटक'. सरकारने 2021 मध्ये त्याचं नाव 'कित्तूर कर्नाटक' केलं, पण पेठेत जुनंच चालतं. यात मला मजा वाटते, कारण 1934 चा पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना' कोल्हापूरच्या छत्रपती स्टुडिओत, म्हणजे मराठी मुलखातच तयार झाला होता. आमच्या सिनेमाला त्या इलाख्यात दुपारचा एकेक खेळ मिळाला, तोही दुसऱ्या आठवड्यात गेला. ओटीटीवाल्यांना छोटे कन्नड सिनेमे नकोसे झाले होते. रक्षित शेट्टीसारख्या नावाजलेल्या माणसालाही 2024 मध्ये 'एकम' ही मालिका स्वतःच्या व्यासपीठावर आणावी लागली, तिथे आमची काय कथा. लावलेले निम्मे पैसेही सुटले नाहीत. कर्ज अजून फेडते आहे, आणि त्यासाठी दुसऱ्यांच्या पटकथा लिहिते.

पेपर सोडून या धंद्यात यायला निघालेली मुलं-मुली हल्ली मला भेटायला येतात. त्यांना मी प्रतिभेबद्दल काही सांगत नाही, कॉपीराइट कायद्याचं कलम 19 वाचायला सांगते. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसेल, तर तो रद्द होतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला वाटा तर निर्मात्याला लिहूनही देता येत नाही. माझी कथा अडकली तेव्हा यातलं काही कुणी मला सांगितलं नव्हतं. तेव्हा टोकन घ्या, पण सही करण्याआधी करार घरी नेऊन रात्रभर वाचा.